सहा शब्द आणि एक स्वल्पविराम

छापखान्यात मजकूर तपासायचं काम दोघांचं असतं. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने छापून आलेल्या कच्च्या पानावर नजर ठेवायची आणि चूक दिसली की लाल पेनाने खूण करायची. मोठ्याने वाचायचं म्हणजे सगळंच वाचायचं. स्वल्पविराम आला की ‘स्वल्पविराम’ म्हणायचं, वाक्य संपलं की ‘पूर्णविराम’. नवा माणूस आमच्या खोलीत डोकावला की त्याला वाटायचं, या दोघांच्या डोक्यावर परिणाम झालाय. एकोणीस वर्षं मी वाचत होतो आणि बाई लाल पेन घेऊन ऐकत होत्या. स्वतःच्या बायकोशी मी जेवढं बोललो नसेन तेवढं बाईंपुढे वाचलं, आणि त्यात माझं स्वतःचं एक वाक्य नव्हतं.

यंत्रांवरची माणसं त्यांना दुरुस्तीबाई म्हणत. तोंडावर अर्थात नुसतं बाई. मला त्यांनी ‘घाईवाले’ नाव ठेवलं होतं, कारण चार वाजून गेले की माझं वाचन घराकडे धावायला लागे. खोली म्हणजे एक खिडकी, दोन खुर्च्या आणि एक टेबल. शेजारचं यंत्र सुरू झालं की टेबलावरचा चष्मा आपोआप कडेला सरकायचा, तो पडायच्या आत पकडायचा हे आम्हा दोघांच्या अंगवळणी पडलं होतं. ओळ स्वच्छ असली की बाई मान किंचित हलवायच्या आणि मी पुढच्या ओळीवर जायचो. शाबासकी म्हणाल तर तेवढीच.

त्यांचे नियम दोनच. जेवढं चुकलंय तेवढंच कापायचं, एक अक्षर जास्त नाही. आणि कापून झालं की उरलेलं वाक्य पुन्हा वाचून बघायचं, ते उभं राहतंय का. ‘चूक काढण्याच्या नादात आपणच वाक्याची तंगडी मोडून ठेवतो,’ असं त्या म्हणायच्या. साबणाच्या जाहिरातीपासून पंपाच्या माहितीपुस्तिकेपर्यंत सगळ्यांना हाच न्याय. देवालाही तोच लावायची वेळ येईल हे तेव्हा दोघांच्याही डोक्यात नव्हतं.

आम्ही दोघं एकाच चर्चच्या मंडळीतले. म्हणजे बाई मंडळीच्या, आणि मी मंडळीच्या यादीतला. आमच्या घरात श्रद्धेची बाजू आमची ही सांभाळते. मी दर रविवारी तिला सोडायला जातो आणि आलोच आहे म्हणून शेवटच्या बाकावर, खांबाच्या मागे, उपदेश सुरू झाला की डोळे मिटतो. ती डुलकी मोडायचं काम बाईंचे यजमान करायचे. ते लिफ्ट दुरुस्त करणारे, आणि रविवारी गायकवृंदात सगळ्यात खालच्या पट्टीचे. पोरं त्यांना खर्जकाका म्हणत, म्हणून सगळेच म्हणत. ते गायला लागले की तो आवाज आधी कानाला नाही, बाकाच्या पाठीला कळायचा. माझ्या मणक्यातून वर यायचा आणि मी जागा व्हायचो.

त्याच गळ्यात गाठ निघाली. सात आठवडे किरणांचे शेक झाले. काका निम्मे झाले, बाई सकाळी इस्पितळ आणि दुपारी छापखाना करत राहिल्या, आणि मंडळीने साखळी प्रार्थना धरली, एकाची संपली की दुसऱ्याची सुरू. शेवटी डॉक्टरांनी कागद दिला. त्यावर लिहिलं होतं, ‘गाठ सध्या आढळत नाही.’ बाईंनी तो मला दाखवला तेव्हा, मी खोटं कशाला बोलू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

आमच्याकडे रविवारच्या उपासनेत साक्षीची वेळ असते. देवाने आपल्यासाठी काय केलं ते ज्याला सांगायचंय त्याने उभं राहून सांगायचं. एरवी तिथे हरवलेली किल्ली सापडणे, जावयाची बदली रद्द होणे अशी मध्यम आकाराची कामं देवाच्या नावावर जमा होतात. त्या रविवारी बाई उभ्या राहिल्या आणि सगळी मंडळी रडली. मंडळीचं मासिक आहे, त्याचे संपादक आमच्या शाळेचे निवृत्त हेडमास्तर. निवृत्त झाल्यावर त्यांची शाळा सुटली पण वर्ग सुटला नाही, तो वर्ग म्हणजे आम्ही. त्यांनी साक्ष लिहून मागितली. बाईंनी दीड पान लिहून दिलं आणि मासिक आमच्याच छापखान्यात निघत असल्याने ते आमच्याच टेबलावर आलं.

मी वाचलं: ‘देवाने माझ्या नवऱ्याला बरे केले स्वल्पविराम म्हणून माझा देवावर भरवसा आहे पूर्णविराम.’

एका वाक्यात देव दोनदा आला म्हणून मी थांबलो. दुसऱ्या जागी नुसतं ‘त्याच्यावर’ करायचं का, असं विचारलं. बाई म्हणाल्या, राहू दे, कोणावर ते स्पष्ट हवं, नाहीतर लोकांना वाटायचं नवऱ्यावर. आम्ही दोघं हसलो. मग त्यांनी मान हलवली आणि मी पुढे गेलो. एकोणीस वर्षांत आमच्या हातून निसटलेली ती एकमेव चूक, आणि ती आम्ही हसत हसत पास केली.

पुढचे चार महिने काका गाजले. मासिकात त्यांचा फोटो आला, तो सूचनाफलकावर लागला. दुसऱ्या मंडळ्यांतून गायला बोलावणी यायला लागली. उपासना सुटली की लोक त्यांच्या गळ्याला हात लावून बघत आणि ते बिचारे मान वर करून उभे राहत. एकदा तर लिफ्टमध्ये अडकलेल्या दोन बायकांनी दार उघडल्यावर आधी बाहेर न येता विचारलं, ते मासिकातले तुम्हीच का. काकांना याची मजा वाटायची. गायला मिळतंय यापलीकडे त्यांची कसली मागणी नव्हती, आणि ते खरोखर पूर्वीपेक्षा चांगलं गात होते.

पाचव्या महिन्यात एका गीताच्या तिसऱ्या कडव्याला त्यांचा आवाज फाटला. खोकल्यासारखं करून त्यांनी वेळ मारून नेली. सर्दी म्हणाले. दोन आठवड्यांनी डॉक्टरांनी दुसरा कागद दिला, गाठ परत आल्याचा, आणि त्यात ‘सध्या’ नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी पंपाच्या भागांची यादी वाचत होतो. बाईंनी हात वर करून मला थांबवलं. मला वाटलं ओळीत चूक आहे. तर त्या म्हणाल्या,

‘माझ्याकडून एक शब्द सुटला होता.’

‘कुठल्या पानावर?’

‘साक्षीत. डॉक्टरांनी सध्या लिहिलं होतं. मी तो गाळला.’

बाईंकडून शब्द सुटला हे मी पहिल्यांदा ऐकत होतो. मी सरकलेला चष्मा उचलून जागेवर ठेवला.

त्या आठवड्यात हेडमास्तर मासिकाची पानं घ्यायला आले तेव्हा बाईंनी त्यांच्या हातात चिठ्ठी दिली. शुद्धिपत्र: ‘बरे केले’ या जागी ‘सध्या बरे केले’ असे वाचावे. हेडमास्तरांनी ती दोनदा वाचली, चष्मा काढला, पुसला, घातला.

‘देव सध्या काही करत नाही, बाई. देव करतो ते कायमचं.’

‘पण कागदावर तसं आहे.’

‘तो डॉक्टरांचा कागद झाला,’ हेडमास्तर म्हणाले, आणि चिठ्ठी घडी करून टेबलावर ठेवली.

मग त्यांनी समजावून सांगितलं. खरोखर समजावून, काही वाईट हेतूने नाही. काका या दुखण्यातून उठले तर साक्ष बरोबरच आहे. आणि नाही उठले, तर बाईंची श्रद्धा मध्येच कुठेतरी कमी पडली, त्याला मासिक काय करणार. म्हणजे काहीही झालं तरी मासिकात चूक नव्हती. इतकं निर्दोष प्रकाशन मी माझ्या उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं.

श्रद्धा नेमकी कुठे कमी पडली याचा शोध घ्यायला पुढच्या आठवड्यात तीन बायका बाईंच्या घरी गेल्या. पुढारी होत्या त्या उपासवाल्या ताई, ज्या कोणासाठीही तीन दिवस उपाशी राहू शकतात आणि तसं सगळ्यांना सांगूही शकतात. तिसरी आमची ही. तिला जायचं नव्हतं म्हणते, पण गेली. त्यांनी प्रार्थना केली, काकांच्या डोक्यावर हात ठेवले, मग काकांना आत आराम करायला पाठवून बाईंना हळूच विचारलं की घरात एखादं लपलेलं पाप आहे का. बाईंनी खूप विचार केला. प्रश्न आला की उत्तर शोधायचं हा त्यांचा स्वभाव. त्यांना सासूशी एकदा धरलेला अबोला आठवला, तो ताईंना फारसा पसंत पडला नाही. बोलता बोलता असं निघालं की आमच्या छापखान्यात एक साप्ताहिक छापतात आणि त्यात राशिभविष्य असतं, आणि ते बाईंच्या हाताखालून जातं. ताई खुर्चीत पुढे सरकल्या. सापडलं म्हणाल्या.

‘मी भविष्य लिहीत नाही,’ बाई म्हणाल्या, ‘त्यातल्या चुका काढते.’

आमची ही सांगत होती, हे ऐकून आतल्या खोलीतून काकांच्या हसण्याचा आवाज आला, आणि तो हसण्यासारखा कमी आणि दाराच्या बिजागरीसारखा जास्त होता. त्या रात्री ही जेवली नाही. उपास म्हणून नव्हे.

शेवटी काकांचं स्वरयंत्रच काढावं लागलं. श्वासाला गळ्यात भोक ठेवलं आणि बोलणं संपलं. मी इस्पितळात गेलो तेव्हा ते उशीला टेकून बसले होते आणि मांडीवर रद्दी पानांचा गठ्ठा होता. आमच्या टेबलावरची वापरलेली कच्ची पानं एका बाजूने कोरी असतात, ती बाईंनी बोलायला आणून दिली होती. काका लिहीत, बाई वाचत. शुद्धलेखनाच्या बाबतीत काकांचा कारभार पहिल्यापासून दिव्य होता. ‘पाणी’ मागायला त्यांनी काहीतरी लिहिलं, बाईंनी आधी लाल पेनाने वेलांटी सुधारली आणि मग पाणी दिलं. काकांनी माझ्याकडे बघून डोळे वर केले. चाळीस वर्षांच्या संसाराची तक्रार त्यात सगळी आली.

परत जाताना जिन्यात मी बाईंना विचारलं, प्रार्थना अजून करता का. मला विचारायचा अधिकार नव्हता, शेवटच्या बाकावर झोपणारा माणूस मी. त्या एका पायरीवर थांबल्या.

‘करते कसली. भांडते,’ त्या म्हणाल्या. ‘सकाळी डोळे उघडले की सुरू. तुला दुसरा कुठला अवयव मिळाला नाही का म्हणते. त्याचा गुडघा घ्यायचास, हात घ्यायचास.’

‘मग?’

‘मग काही नाही. तो ऐकतो. ऐकण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही.’

एवढं बोलून त्या उतरायला लागल्या. त्या रडत होत्या, आणि रडतानाही कठड्याला धरून एकेक पायरी नीट उतरत होत्या.

मंडळीत सगळे चांगले वागत होते. डबे जात होते, इस्पितळात पाळ्या लागल्या होत्या. फक्त काकांचं नाव घेताना लोक आवाज खाली आणायला लागले, आणि साक्षीच्या वेळी बाई दिसल्या की लोक बुटांकडे बघत. गायकवृंदात खालची पट्टी बँकेतल्या एका सद्गृहस्थांना दिली. त्यांचा आवाज माझ्या बाकापर्यंत पोहोचायचा नाही, त्यामुळे मला सलग झोप लागायला हवी होती. लागत नव्हती. सूचनाफलकावरचा फोटो मात्र कोणी काढला नाही. काढायचा तर का काढला हे सांगावं लागलं असतं.

आणि अशात हेडमास्तरांनी विशेषांक काढायचा ठरवला. गेल्या दहा वर्षांतल्या निवडक साक्षी, अग्रभागी बाईंची. हे कळलं त्या दिवशी बाईंनी दुसरी चिठ्ठी लिहिली: सदर साक्ष संपूर्णपणे रद्द समजावी. जेवढं चुकलं तेवढंच कापायचं म्हणणाऱ्या बाईंनी दीड पानावर आडवी रेघ मारली होती. मी विरोध केला नाही. मला तर बरं वाटलं. कोणीतरी एकदाचं त्या कारभाराला तोंडावर नाही म्हणालं असं वाटलं.

हेडमास्तरांनी ती चिठ्ठी पाळकसाहेबांकडे, म्हणजे आमच्या चर्चच्या पाद्रींकडे, दिली आणि पाळकसाहेब छापखान्यात आले. तरुण माणूस, सरळ. आमच्या खोलीत तिसरी खुर्ची नाही, म्हणून ते कागदांच्या गठ्ठ्यावर बसले. त्यांनी उपदेश केला नाही हे मी त्यांच्या नावे लिहून ठेवलंय. ते म्हणाले, दुसऱ्या मंडळीत एक बाई आहे, तिचा मुलगा अंथरुणाला खिळलाय. तिने तुमची साक्ष कापून त्याच्या उशाशी चिकटवली आहे. आता ती रद्द झाली म्हणून तिला कसं सांगायचं?

बाई म्हणाल्या, ‘तिला खरं कळायला नको?’

‘कळल्यावर तिने काय धरून राहायचं, बाई?’

‘मी काय धरून राहिलेय ते मलाच अजून सापडलेलं नाही,’ बाई म्हणाल्या. ‘सापडलं की तिलाही सांगा.’

पाळकसाहेब उठले तेव्हा त्यांच्या पँटला मागे छपाईची काळी शाई लागली होती, आणि ते तसेच गेले. चिठ्ठी त्यांनी टेबलावरच ठेवली. म्हणजे निर्णय बाईंवर.

बाईंनी ती संध्याकाळी काकांना दाखवली. काकांनी वाचली आणि रद्दी पानामागे उत्तर लिहिलं. ते पान बाईंनी दुसऱ्या दिवशी माझ्यापुढे ठेवलं. ‘सगळी कापु नको. चार महीने गायलो ना मी.’ दोन चुका होत्या. लाल खूण एकही नव्हती. बाईंनी रद्द करायची चिठ्ठी फाडली आणि मला म्हणाल्या, घ्या, पंप घ्या.

काका शनिवारी सकाळी गेले. बाई त्यांची उशी सारखी करत होत्या, तेवढ्यात.

दफनाच्या वेळी हेडमास्तर बोलले. ते म्हणाले, आज आपले बंधू पूर्ण बरे झाले आहेत, जिथे गाठ नाही आणि वेदना नाही अशा ठिकाणी ते उंच स्वरात गात आहेत. ‘म्हणजे आपल्या या बहिणीची साक्ष शब्दशः खरी ठरली,’ असंही म्हणाले. गर्दीत कोणीतरी आमेन म्हटलं. हातातली माती त्यांच्या कोटावर टाकावी असं मला वाटलं, आणि हे मी आजही लपवत नाही. शिवाय काका जन्मात कधी उंच स्वरात गायले नव्हते. बाई खाली बघत उभ्या होत्या. त्यांचे ओठ हलत होते, पण ती प्रार्थना होती की भांडण, ते मला कळलं नाही.

पुढच्या आठवड्यात त्या कामावर आल्या. दोन दिवसांनी विशेषांकाची पानं आली. मी म्हटलं, ही दुसऱ्या कोणाला देऊ. त्या म्हणाल्या, वाचा. मी वाचत गेलो. पान तीन, ओळ नऊ आली: ‘देवाने माझ्या नवऱ्याला बरे केले स्वल्पविराम म्हणून माझा देवावर भरवसा आहे पूर्णविराम.’

मी मान हलायची वाट बघत थांबलो. ती हलली नाही. शेजारचं यंत्र चालू होतं, चष्मा कडेला येत होता, आणि या वेळी तो आम्ही दोघांनीही पकडला नाही. फरशीवर पडला. फुटला नाही. बाईंनी हाताचा आडोसा करून एका चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं, पेन खाली ठेवलं, आणि कापलेलं वाक्य त्या नेहमी जसं तोंडातल्या तोंडात म्हणून बघायच्या तसं म्हणून बघायला लागल्या. एकदा, दोनदा, मी मोजलं नाही पण खूप वेळा. मला काय कापलंय ते माहीत नव्हतं. सवयीने विचारलं,

‘उभं राहतंय का?’

‘डुगडुगतंय,’ बाई म्हणाल्या. डोळे पुसून त्यांनी पुन्हा एकदा ओठ हलवले. ‘पण पडत नाहीये.’

हेडमास्तरांनी तिसरी चिठ्ठीही नाकारली. आता तर साक्ष शब्दशः खरी ठरली आहे, मग दुरुस्ती कशाची, असा त्यांचा सवाल होता. पान छपाईला जाण्याआधी मी बाईंना सुचवलं की शेवटच्या पानाच्या तळाशी दोन ओळींची जागा आहे, तुमचं शुद्धिपत्र मी गुपचूप घुसवून देतो, कोणाच्या बापाला कळणार नाही. त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू मी कोणाचा गळा कापायचं सुचवलंय.

‘संपादकाच्या सहीशिवाय इथून टिंबसुद्धा बाहेर जाणार नाही,’ म्हणाल्या. देवाशी रोज सकाळी भांडणारी बाई, पण हेडमास्तरांच्या सहीला मान होता.

विशेषांक रविवारी निघाला. दारातच प्रत्येकाच्या हातात एक प्रत दिली. त्या दिवशी मी ही जिथे बसते तिथे, तिसऱ्या बाकावर बसलो. का ते मला विचारू नका, हिनेही विचारलं नाही. आमच्या पुढच्या बाकावर बाई होत्या. साक्षीची वेळ आली आणि त्या उभ्या राहिल्या. लोक बुटांकडे बघायला लागले. उपासवाल्या ताईंनी डोळे मिटले. हेडमास्तर खुर्चीत ताठ झाले.

बाईंनी पर्समधून चिठ्ठी काढली आणि आमच्या खोलीतल्या आवाजात, जसं मी वाचायचो तसं, वाचायला सुरुवात केली.

‘शुद्धिपत्र. पान तीन, ओळ नऊ. “देवाने” या शब्दापासून “म्हणून” या शब्दापर्यंत सहा शब्द आणि एक स्वल्पविराम गाळावा. हे शब्द माझे होते. चूक माझी आहे. उरलेले वाक्य तसेच ठेवावे. पूर्णविराम.’

आणि बसल्या.

क्षणभर कोणाला काय झालं ते कळलं नाही. मग पानं उलटल्याचा आवाज सुरू झाला, आधी मागून, मग सगळीकडून. पाळकसाहेब उभे होते ते व्यासपीठाला धरून खाली बघत राहिले. हेडमास्तरांचा हात खिशातल्या पेनाकडे गेला होता. दुरुस्ती ऐकली की मास्तरांचा हात पेनाकडे जाणारच, त्याला त्यांचा इलाज नव्हता. ते पेन हातात धरून पान तीनवर तसेच थांबले. शेजारी आमच्या हिने पिशवीतून पेन्सिल काढली, गुडघ्यावर अंक ठेवला आणि बोट लावून मोजत सहा शब्द खोडले. मग स्वल्पविराम शोधून तोही खोडला. त्या तीन बायकांत आपण होतो हे ती विसरलेली नव्हती. अंक माझ्यापुढे सरकवून ती कानात म्हणाली, वाचा बघू, काय राहिलं.

घसा साफ करून मी वाचलं. बाईंना ऐकू जाईल असं, अजिबात घाई न करता.

‘माझा देवावर भरवसा आहे. पूर्णविराम.’

पुढच्या बाकावर बाईंची मान किंचित हलली.